पेन्शनच्या रकान्यातलं शून्य

मंडळी, गेल्या रविवारी एक किरकोळ काम करायला बसलो आणि त्याने अख्खा आठवडा खाल्ला. त्यातूनच हा लेख झाला. जरा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं की ऑफिसमध्ये गुंतवणुकीचे कागद द्यायचे होते म्हणून पीएफचं पासबुक उघडलं. त्यात दर महिन्याच्या ओळीपुढे तीन रकाने असतात. माझा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शन. पहिल्या दोन रकान्यांत आकडे होते. तिसऱ्यात वरपासून खालपर्यंत शून्य. नोकरीला लागल्यापासून एकही महिना न चुकता शून्य.

आमची प्रोग्रामरची जात. इतकी शून्यं एका रांगेत दिसली की पहिला विचार येतो, बग असेल. पण हा बग नव्हता, नियम होता. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदा पीएफमध्ये आला आणि ज्याचं बेसिक अधिक डीए १५,००० रुपयांच्या वर होतं, त्याला पेन्शन योजनेत घ्यायचंच नाही असं ठरलं. मी २०१९ साली लागलो. बेसिक होतं १८,०००. ऑफर लेटर आलं तेव्हा आईने पेढे वाटले होते. वरच्या त्या तीन हजारांनी मला पेन्शनच्या दाराबाहेर ठेवलं, हे तेव्हा आमच्या कोणाच्या गावीही नव्हतं.

कंपनीने माझे पैसे खाल्ले असं काही नाही हं. पेन्शनमध्ये न गेलेले पैसे पीएफच्या रकान्यातच जमा होतात. म्हणजे माझा गठ्ठा उलट मोठा आहे. तरी ते शून्य काही डोक्यातून जाईना.

एवढ्यात बाबा बाहेर निघाले.

"काय पाहून राहिला रे सकाळपासून?"

"पीएफ पाहून राहिलो. मला पेन्शनच नाहीये, बाबा."

बाबा हसले. "मला आहे ना. काय दिवे लागले?" असं म्हणून त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली आणि ते गांधीबागेला निघून गेले.

बाबा हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. २०१८ साली ५८ पूर्ण करून रिटायर झाले. त्यांची पेन्शन आहे महिना दोन हजार आठशे आणि वर काही रुपये. आता पासष्टी ओलांडली, तरी ते गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला जातात. सणासुदीला रविवारीसुद्धा. कोणी विचारलं तर म्हणतात, "घरी रिकामं बसून काय करू?" मी हे वाक्य इतकी वर्षं खरं मानत आलो होतो.

तर त्या शून्यापासून मी मागे मागे जात राहिलो. पेन्शन ही भानगड आपल्याकडे आली कुठून? गंमत म्हणजे हा बराचसा इतिहास नागपुरातच पाच-सात किलोमीटरच्या आत पडलेला आहे.

सुरुवात महालाजवळच्या गोंड राजाच्या किल्ल्यापासून करू. नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास. पुढे त्याच्या वंशात गादीवरून भांडणं लागली, तेव्हा पहिले रघुजी भोसले मदतीला आले आणि आपल्याकडे मदतीला आलेले पाहुणे जसे राहतात तसे राहिले. १७४३ मध्ये सत्ता रघुजींकडे गेली आणि गोंड राजा बुऱ्हाण शाह नावापुरता राजा उरला. त्याला किल्ला राहिला, मान राहिला आणि ठरलेली नेमणूक मिळू लागली. कारभार मात्र भोसल्यांचा. म्हणजे नागपुरातला पहिला मोठा पेन्शनर कोणी कारकून नव्हे, तर राजा. रिटायर झालेला नव्हे, केलेला.

(आणि आपलं पीएफ कार्यालय आज कुठे आहे? तुकडोजी पुतळ्याजवळ, रघुजीनगरात! हा योगायोग मला फार आवडला.)

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती मी कधी पेन्शनच्या बाजूने पाहिली नव्हती. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला, तेव्हा कंपनी सरकारने त्याला सालीना ८ लाखांची पेन्शन देऊन बिठूरला पाठवलं. तेव्हा त्याचं वय होतं ४३. तो वारला जानेवारी १८५१ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी. म्हणजे त्याने ३२ वर्षांहून जास्त पेन्शन खाल्ली. ८ गुणिले ३२ केलं तरी अडीच कोटींच्या वर जातात, तेही त्या काळातले. इतिहासाच्या पुस्तकात आपण त्याला पळपुटा म्हणतो. पण आजच्या विमावाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाजीरावाने कंपनीवर 'जास्त जगण्याची जोखीम' टाकली आणि ती पुरेपूर वसूल केली.

ही 'जास्त जगण्याची जोखीम' लक्षात ठेवा, लेखभर लागणार आहे. आपण किती जगणार हे कोणालाच माहीत नसतं. लवकर गेलो तर साठवलेलं मागे राहतं, जास्त जगलो तर साठवलेलं संपतं. पेन्शनचा सगळा इतिहास म्हणजे ही जोखीम कोणाच्या डोक्यावर ठेवायची, याचा इतिहास.

बाजीराव गेल्यावर डलहौसीने ती पेन्शन नानासाहेबाला नाकारली. दाद लंडनपर्यंत नेली, उपयोग झाला नाही. कारण पेन्शन हा हक्क नव्हता, देणाऱ्याची मर्जी होती. १८७१ मध्ये पेन्शनचा कायदा आला, त्यातही हेच सूत्र. सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दल कोणाला दिवाणी कोर्टात थेट जाता येणार नाही, आधी कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याचा दाखला आणा. देणारा तोच आणि तक्रार ऐकायची की नाही हे ठरवणाराही तोच.

आता महालातून निघून जुम्मा तलावाकडे, म्हणजे आजच्या गांधीसागराकडे चला. इथे जमशेटजी टाटांनी मिल काढली. त्यांची 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' १८७४ ची, भांडवल १५ लाख. मुंबई सोडून नागपूर का? तर कापूस इथला, १८६७ पासून रेल्वे इथे आणि कोळसाही फार लांब नाही. जागा दलदलीची होती. एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता की हा माणूस सोनं मातीत पुरतोय. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणे की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून नाव 'एम्प्रेस'.

मिल सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्येच, तिथे पगाराच्या दरावरून संप झाला. देशातल्या सर्वांत जुन्या नोंदलेल्या संपांपैकी हा एक. आणि दुसरी डोकेदुखी होती गैरहजेरीची. गावाकडून आलेला माणूस पेरणीला, कापणीला, लग्नाकार्याला उठून जायचा, आणि मर्जी झाली की परत यायचा. भोंग्यावर धावण्याची सवय कोणालाच नव्हती. मिलचे मॅनेजर बेझनजी दादाभाई मेहता हे स्वतः रेल्वेतून आलेले, कापडाच्या धंद्यात नवखे. यंत्रं आणता येतात हो, पण शिकवून तयार केलेला माणूस सकाळी गेटवर येईलच कशावरून?

या पार्श्वभूमीवर पुढच्या तीन तारखा वाचा. १८८६ मध्ये एम्प्रेस मिलने पेन्शन फंड सुरू केला. १८९५ पासून अपघात झालेल्या कामगाराला भरपाई द्यायला सुरुवात केली. १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड आणला. यातलं काहीही कायद्याने सक्तीचं नव्हतं. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये. म्हणजे पीएफमध्ये आपलं नागपूर देशाच्या कायद्याच्या ५१ वर्षं पुढे होतं!

आणि जगाच्या? जर्मनीच्या बिस्मार्कने म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला १८८९ मध्ये. जगातली पहिली राष्ट्रीय योजना म्हणून सगळीकडे त्याचं नाव घेतात. जुम्मा तलावाकाठची मिल त्याच्या तीन वर्षं आधी हा विचार करून बसली होती. अर्थात एका गिरणीचा फंड आणि एका देशाचा कायदा यांची बरोबरी नाही होऊ शकत. बिस्मार्कच्या योजनेत कामगार, मालक आणि सरकार तिघेही पैसे घालत. पेन्शनचं वय होतं ७०, ते १९१६ मध्ये ६५ झालं. त्या काळात सत्तरी गाठणारे कामगार किती असणार? देणाऱ्याला हे गणित चांगलं ठाऊक होतं. जमशेटजी स्वतः १९०४ मध्ये जर्मनीतच वारले, वयाच्या ६५ व्या वर्षी.

जमशेटजींचं मोठेपण मला कमी करायचं नाही, त्यांची दूरदृष्टी मोठीच होती. पण मला एक गोष्ट लख्ख दिसली. पेन्शन तेव्हा आली, जेव्हा मालकाला माणूस टिकायला हवा होता. 'तू इथे म्हातारा हो, मी तुला पाहीन' हा सौदा होता, आणि त्यात दोन्ही बाजूंची गरज होती. आमच्याकडे आता कोण कोणाला म्हणतं की तू इथे म्हातारा हो? माझ्या टीममध्ये आठ जणांत मीच सर्वांत जुना, आणि माझं तिथे चौथं वर्ष आहे.

जाता जाता तासांचंही सांगतो. १९२२ च्या दुरुस्तीने कारखान्यात आठवड्याला जास्तीत जास्त ६० तास ठरले, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. हा शेवटचा टप्पा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते, त्या काळातल्या प्रयत्नांचं फळ. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये दोन दिवस तोच विषय होता. १९२२ सालच्या गिरणी कामगाराची मर्यादा त्याहून दहा तास कमी होती, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी जास्त जोरात भांडलो असतो. :-)

असो. आता सिव्हिल लाइन्सकडे वळू, म्हणजे सरकारी नोकरीकडे. स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या नोकरांचं निवृत्तीचं वय ५५ होतं, १९६२ मध्ये ५८ झालं, १९९८ मध्ये ६०. महाराष्ट्रात बहुतेकांना ५८. निवृत्त झालं की पगाराच्या हिशेबात पेन्शन, मरेपर्यंत, आणि मागे जोडीदाराला फॅमिली पेन्शन. 'मुलगा सरकारी आहे' या तीन शब्दांवर विदर्भात किती लग्नं जुळली असतील त्याची मोजदाद नाही.

पण ही पेन्शन हक्क आहे की मेहरबानी? हा प्रश्न सुप्रीम कोर्टात नीट सुटला तो १७ डिसेंबर १९८२ ला. डी. एस. नकारा नावाचे संरक्षण खात्यातले अधिकारी १९७२ मध्ये निवृत्त झाले होते. १९७९ मध्ये सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ३१ मार्च १९७९ पासून पुढे निवृत्त होणाऱ्यांसाठीच. नकारा म्हणाले, एका तारखेने आम्ही परके कसे झालो? सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूडांच्या पाच जणांच्या पीठाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. निकाल लिहिला न्या. देसाईंनी. सार असं, की पेन्शन ही भीक नाही, मालकाची कृपाही नाही. ती केलेल्या कामाची, मागे ठेवलेली मजुरी आहे. आजही १७ डिसेंबरला पेन्शनर लोक आपला दिवस साजरा करतात. बाजीरावापासून सुरू झालेला मर्जीचा प्रवास हक्कापर्यंत यायला १६४ वर्षं लागली.

आणि हक्क मिळाल्यावर २२ वर्षांत दार बंद व्हायला लागलं. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या नोकरांना (सैन्य सोडून) जुनी पेन्शन बंद झाली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून. त्या जागी आली एनपीएस. दर महिन्याला पैसे कापा, बाजारात गुंतवा, शेवटी जे होईल ते तुमचं. पुन्हा एक तारीख! ३१ ऑक्टोबर २००५ ला रुजू झालेला मास्तर आणि दुसऱ्या दिवशी रुजू झालेला मास्तर एकाच वर्गात शिकवतात, पण म्हातारे वेगवेगळे होणार.

डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात, इथे नागपुरातच, देवेंद्र फडणवीसांनी सभागृहात सांगितलं की जुनी पेन्शन परत आणली तर तिजोरीवर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने यूपीएस जाहीर केली. २५ वर्षं नोकरी झाली की शेवटच्या वर्षभराच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन, पण पगारातून कापून घेऊन. ही १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही लगेच ती स्वीकारायचं ठरवलं.

संपाच्या वेळी मी आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तर काकांशी वाद घातला होता. म्हटलं, काका, तुमची पेन्शन माझ्या टॅक्समधून जाते आणि मला कोण देणार? काका शांतपणे म्हणाले, "तुला नाही म्हणून माझी काढायची, का मला आहे म्हणून तुझी मागायची?" तेव्हा मला उत्तर आलं नाही. आजही पूर्ण येत नाही. कारण तिजोरीचा आकडाही खोटा नाही आणि काकांचा प्रश्नही.

आता आमच्यासारख्या खाजगीवाल्यांकडे येऊ. १९५२ च्या पीएफ कायद्याने दिलं ते गठ्ठ्याच्या रूपात. रिटायर व्हा, एकरकमी घ्या, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. हा गठ्ठा म्हातारपणापर्यंत टिकतो का? कायद्यानेच मुलांचं शिक्षण, लग्न, घर यासाठी मधून पैसे काढायची सोय दिली आहे, आणि ती लोक वापरतात. म्हणून १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना आली. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या सामाईक हौदात. वयाच्या ५८ नंतर, निदान दहा वर्षं नोकरी झाली असेल तर, मरेपर्यंत पेन्शन.

कल्पना उत्तम होती. आमच्या भाषेत लोड बॅलन्सिंग. लवकर गेलेल्यांचा हिस्सा जास्त जगणाऱ्यांच्या कामी येतो, एकट्यावर भार पडत नाही. घोडं अडलं आकड्यांत. सूत्र असं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण पगार कितीही असो, मोजायचा तो मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा १९९५ मध्ये ५,००० होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि २०१४ मध्ये १५,०००. म्हणजे १५,००० ला गुणिले ३५ वर्षं, भागिले ७०, उत्तर ७,५००. पस्तीस वर्षं पूर्ण मर्यादेवर राबलात तर हे. बाबांची तर बहुतेक वर्षं ६,५०० किंवा त्याखालच्या मर्यादेत गेली. त्यात महागाई भत्ता नाही. म्हणजे २०१८ चा आकडा तसाच राहणार, तूरडाळ कुठेही जावो. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली, आणि त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी तो आकडा हलला नव्हता.

माझ्यासारख्यांना २०१४ नंतर या हौदातच घेतलं नाही. सामाईक भार नको, तुमचा गठ्ठा तुम्ही सांभाळा. नव्वदच्या दशकात त्या गठ्ठ्यावर १२ टक्के व्याज होतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं.

बुधवारी रात्री मी एक्सेल उघडलं. आज माझा खर्च महिन्याला ४०,००० धरला. महागाई वर्षाला ६ टक्के. तीस वर्षांनी तोच खर्च होतो २ लाख ३० हजार. निवृत्तीनंतर २५ वर्षं जगेन, आणि व्याज महागाईपुरतंच मिळेल असं धरलं, तर लागतात सुमारे ६ कोटी ९० लाख. ९ टक्के परताव्याने तिथे पोचायला आजपासून दर महिन्याला साधारण ३८,००० बाजूला टाकायला हवेत. म्हणजे जेवढा खर्च, जवळजवळ तेवढीच बचत, तीस वर्षं, एकदाही नोकरी न जाता. आणि आमच्या क्षेत्रात पंचेचाळिशीनंतर किती जण टिकतात, हे ज्याने त्याने आपल्या मजल्यावर डोकी मोजून पाहावं.

मग सहज '२५ वर्षं' च्या जागी '३०' टाकलं. आकडा सव्वाआठ कोटींच्या वर गेला. पाच वर्षं जास्त जगण्याचा दंड सुमारे १ कोटी ३८ लाख! त्या क्षणी मला ते शून्य कळलं. त्या रकान्यात पैसे नाहीत एवढंच त्याचं म्हणणं नव्हतं. तू किती जगशील याची काळजी आता तुझी तू कर, असं ते सांगत होतं. बाजीरावाची काळजी कंपनी सरकारने वाहिली, एम्प्रेसच्या कामगाराची काही अंशी मिलने, मास्तर काकांची तिजोरीने, बाबांची त्या हौदाने, अपुरी का होईना. आणि माझी माझ्या एक्सेल शीटने.

शनिवारी बाबांचा डबा घरीच राहिला, म्हणून द्यायला गांधीबागेत गेलो. परतताना मुद्दाम एम्प्रेस मिलच्या जागेवरून आलो. ऐंशीच्या दशकात मिल डबघाईला आली, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आता तिथे मॉल आहे, नाव तेवढं एम्प्रेस. म्हणजे मालकाच्या भरवशावरची पेन्शन मालक असेपर्यंतच, हेही ती जागा सांगते. म्हणूनच मला वाटतं, हा हौद मोठा, सामाईक आणि कायद्याचाच असायला हवा. त्यात माझ्याकडूनही कापा, १५,००० च्या वर गेलेल्यालाही आत घ्या. आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींसारख्यांनाही, ज्यांच्या आयुष्यात रिटायर हा शब्दच नाही. पासष्टीनंतर, तेही कागद जुळले तर, श्रावणबाळ योजनेचे दीड हजार.

रात्री जेवताना बाबांना विचारलंच. "खरं सांगा, दुकानात काहून जाता?"

आधी नेहमीचं आलं. रिकामं बसून काय करू. मी गप्प राहिलो. मग म्हणाले, "अठ्ठावीसशेत काय होते रे? गॅस, लाइटबिल आणि तुझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या."

"आणि पीएफचे आले होते ते?"

"ते कुठे आले? ताईच्या लग्नात अर्धे काढले. उरलेले तुझ्या इंजिनिअरिंगला."

आईने पोळी वाढली. बाबा जेवत राहिले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा आवाज होता. कुठले पैसे कुठे गेले, एवढंच. म्हणजे बाबांचं म्हातारपण विकून मी जो झालो, तो मी गेला आठवडाभर स्वतःच्या म्हातारपणाची गणितं मांडत होतो. आपल्याकडची सर्वांत जुनी पेन्शन योजना मी शीटमध्ये धरलीच नव्हती. तिचं नाव मुलगा.

मी म्हटलं, "बाबा, आता मी देतो दर महिन्याला. तुम्ही सोडा दुकान."

"तुझ्याकडे कुठून येतील? तुलाच तर पेन्शन नाही म्हणत होता."

यावर आम्ही दोघंही हसलो, पण फार वेळ नाही. दिवाळीपर्यंत जाईन, मग पाहू, असं ते म्हणाले. मागच्या वर्षीही दिवाळीपर्यंतच होतं.

शीटमध्ये सगळ्यात वर एक नवी ओळ घातली आहे, 'आई-बाबा'. त्यापुढे शून्य नाही. त्यामुळे खालचा ३८,००० चा आकडा जमत नाही, आणि निवृत्तीचं वय ५८ वरून ६३ वर सरकलं आहे. सरकू दे.